भूत दाखवायचं की नाही?

फडके रोडच्या कट्ट्यावर शनिवारी विषय खरं तर खड्ड्यांचा चालला होता. मध्येच सुहासने ओटीटीवर अर्ध्यात सोडलेल्या एका भुताच्या सिनेमाचं नाव काढलं आणि खड्डे राहिले बाजूला.

"बजेट नसतं रे बिचाऱ्यांकडे," मंदार म्हणाला.

"घाटावरून ड्रोन फिरवायला होतं की! आणि मग भूत आलं ते मोबाइल गेममधलं. बायको हसायला लागली."

"मग दाखवायचंच नाही का काही? पैसे भरून मी रिकामी भिंत बघू?"

"रिकामी भिंतच बघतोस तू, तुला कळत नाही एवढंच," नीलिमा म्हणाली. ती अंधेरीला एका डबिंग स्टुडिओत आहे, त्यामुळे या विषयावर तिचा आवाज आमच्यापेक्षा एक पट्टी वर असतो. "1978चा 'हॅलोवीन' घे. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरकडे तीन-सव्वातीन लाख डॉलर. हॉलिवूडच्या मानाने चिल्लर. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा स्वस्त मुखवटा, पांढरा फासलेला. गोष्ट ऑक्टोबरातली, शूटिंग कॅलिफोर्नियात ऐन वसंतात. म्हणून वाळकी दिसतील अशी पानं रंगवून रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची, पुढच्या शॉटला पुन्हा तीच. पण कॅमेरा? पॅनाव्हिजनचा, रुंद पडद्याचा. तिथे हात आखडला नाही."

"का पण?"

"अरे, फ्रेम रुंद, पोरगी एका कडेला, बाकीचा पडदा मोकळा. त्या मोकळ्या जागेत कोणी हलतंय का, हे तू डोळे फाडून शोधत बसतोस. तुझं काम तुलाच करायला लावलंय, तेही फुकटात."

हे मला पटलं. पैसे कुठे वाचवले यापेक्षा कुठे वाचवले नाहीत, त्यावर दिग्दर्शकाची अक्कल कळते.

तेवढ्यात ओंकारने मोबाइल पुढे केला. तो शॉर्ट फिल्म काढतोय, हे त्याने तीन चहांमध्ये चार वेळा सांगितलेलं. खर्चाची यादी होती: ड्रोन, स्मोक मशीन, भिंतीतून बाहेर येणाऱ्या हाताचं व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवरची करामत. सगळ्यात खाली, 'साउंड – नंतर बघू'.

नीलिमाने ती शेवटची ओळ दोनदा मोठ्याने वाचली. "नंतर बघू? 'हॅलोवीन' संगीताशिवाय स्टुडिओतल्या एका बाईंना दाखवला होता, त्या जराही घाबरल्या नाहीत. मग कार्पेंटरने स्वतःच पियानोवर पाच मात्रांचा तो ठेका वाजवला, वडिलांनी लहानपणी बाँगोवर शिकवलेला. चित्र तेच, पण लोक खुर्च्या धरून बसले. आमच्याकडे येतात ना अशा फिल्म्स! पावलांचा आवाज नाही, दाराचा नाही, खोलीचा स्वतःचा असतो तोही नाही. प्रत्येक भीतीला एकच 'ढँण्ण'."

माझं म्हणणं थोडं वेगळं होतं. आवाज, कॅमेरा ही पुढची गोष्ट. आपल्याकडे कथा दहा कोटींची लिहितात आणि शूटिंग दहा लाखांत उरकतात, तिथेच माती होते. रामगोपाल वर्मांचा 1999चा 'कौन' बघा. तीन नट, एक बंगला, बाहेर पाऊस, एकही गाणं नाही. टीव्हीवर खुनी मोकाट असल्याची बातमी, आणि बेल वाजते. दार उघडायचं की नाही, एवढ्यावर तो कितीतरी वेळ खेळवतो. ती गोष्ट लिहितानाच एका घरात मावणारी होती, काटकसर करून मागाहून कोंबलेली नाही. विशाल फुरियाचा 'लपाछपी'ही तसाच. कर्जापायी पळालेलं जोडपं, बायको गरोदर, आडबाजूचं घर आणि सभोवार माणसापेक्षा उंच ऊस. 'हे निघून का जात नाहीत?' हा प्रश्न अशा सिनेमांचा निम्म्या वेळा जीव घेतो, इथे त्याचं उत्तर उसानेच दिलंय. उसाला सेट लागत नाही.

मंदार गप्प बसणाऱ्यातला नव्हे. "आणि भुताचे हिंदी सिनेमे काढणारे रामसे बंधू? त्यांनी तर राक्षस उघडउघड दाखवला. 'पुराना मंदिर' 1984ला तुफान चालला. कुठली तुझी रिकामी जागा?"

खरं सांगायचं तर इथे आमची पंचाईत झाली. रामसेंचा किस्सा मला माहीत होता. 1970चा त्यांचा एक सिनेमा पडला, पण मुखवटा घालून पृथ्वीराज कपूर चोरी करतात त्या प्रसंगाला थिएटर दणाणायचं. पोरांनी ते थिएटरात बसून हेरलं, वडिलांना पटवलं, आणि 1972च्या 'दो गज ज़मीन के नीचे'साठी अख्खं कुटुंब, नट आणि सामान घेऊन महाबळेश्वर गाठलं.

"म्हणजे प्रेक्षक राक्षस बघायलाच यायचे," मंदार म्हणाला, "आणि यांनी तो दिला. तुमचा तो ओटीटीवाला भुताचं पोस्टर लावतो आणि दीड तास नवरा-बायकोची भांडणं दाखवतो. लबाडी आहे ती."

"पण 'पुराना मंदिर'मधला तो राक्षस, सामरी, कॉम्प्युटरवर नव्हता केलेला," सुहास म्हणाला. "नट होता, अनिरुद्ध अगरवाल. सव्वासहा फुटांच्या वरचा माणूस आणि तो चेहरा. दारात नुसता उभा राहिला तरी काम झालं."

"मग दाखवलंच ना शेवटी?"

"दाखवलं. पण जे हातात होतं ते दाखवलं."

नीलिमाला हे मान्य नव्हतं. तिच्या मते रामसेंची भीतीही अर्धीअधिक कुरकुरणाऱ्या दारांत आहे. मंदार म्हणे, आवाज बंद करून बघ, सामरी तेवढाच भीतिदायक. पैज लागली, दोन प्लेट मिसळीवर.

ओंकारने मात्र यादीतलं व्हीएफएक्स खोडलं आणि विचारलं, "तुमच्या ओळखीत सव्वासहा फुटी कोण आहे का?"