निफाडच्या बांधावरचा कोळी ऑस्ट्रेलियाचा नाही

'नाशिकच्या द्राक्षबागांत ऑस्ट्रेलियाचा जीवघेणा फनेल-वेब कोळी आलाय. नरसाळ्यासारखं जाळं दिसलं की जाळून टाका. चावला तर पंधरा मिनिटांत मृत्यू, औषध नाही. लगेच ब्लेडने चिरा देऊन रक्त काढा.' हा मेसेज रविवारी निफाडला मावशीकडे पोचला. ओलं गवत पेटेना म्हणून मावसभावाने बांधावर डिझेल ओतलं. ठिबकची नळी वितळली आणि मावशीचा पदर थोडक्यात वाचला. म्हणून हे लिहितोय.

मेसेजसोबतच्या फोटोतला काळाभोर, चकचकीत कोळी खराच विषारी आहे, एवढं मान्य. पण तो ऑस्ट्रेलियातच सापडतो आणि गवतावर चादर विणत नाही. तो बिळात राहतो, बिळाच्या तोंडाशी रेशमाचे धागे पसरून ठेवतो. त्याचे विषदंत कुदळीसारखे सरळ खाली येतात. आपल्या बांधावरच्या कोळ्याचे चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात.

मावशीच्या बांधावर मी सकाळी दव असताना गेलो. गवतावर रुमाल वाळत घातल्यासारखी जाळी, एका कोपऱ्यात भोक. काडीने जाळं हलवलं की तपकिरी, सडपातळ कोळी भोकातून सरसर बाहेर येतो आणि तितक्याच झपाट्याने परत आत. हा हिप्पासा, लांडगा-कोळ्यांच्या कुळातला. मोबाईलवर फोटो मोठा करून डोळे बघा: पुढे चार बारीक, त्यामागे दोन टपोरे, त्यांच्या मागे आणखी दोन. मादी अंड्यांची पांढरी गोळी मागे चिकटवून फिरते, पुढे पिल्लं पाठीवर घेते. अ‍ॅजेलेनिडी कुळातले कोळीही असंच नरसाळं विणतात. त्यांचे डोळे चार-चारच्या दोन ओळींत असतात आणि अंडी ते बरोबर घेऊन हिंडत नाहीत. इंग्रजीत या सगळ्यांच्या नावात 'फनेल', म्हणजे नरसाळं, येतं, घोळ तिथेच झालाय.

'औषध नाही' हेही खोटं. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून त्या कोळ्याच्या विषावर प्रतिविष आहे. त्याआधी १३ मृत्यूंची नोंद होती, ते आल्यापासून एकही नाही.

आता ब्लेड. माझा खरा संताप या ओळीवर आहे. बांधावरच्या गवतात पायाला काही चावलं आणि दिसलं नाही, तर तो कोळी होता हे ठरवणार कोण? त्याच गवतात घोणस असते, फुरसं असतं. मण्यारीच्या दंशाची तर खूणही धड दिसत नाही, दुखतही नाही. 'कोळीच असेल, औषध तर नाहीच' म्हणून घरात चिरा देत बसलात तर जीव जाईल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. पाय हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्या.

हिप्पासा चावतच नाही असं मी म्हणत नाही. हातात दाबला गेला तर चावेल, आग होईल, साबणाने धुऊन बर्फ लावा. सूज वाढली किंवा धाप लागली तर डॉक्टर गाठा.

जाळी जाळायचं तर कारणच नाही. मी बघत होतो तेवढ्यात एका जाळ्यात दोन तुडतुडे अडकले. मावशी त्यांच्यासाठीच फवारणीवर पैसे घालते. मावसभावाला सांगितलंय, नवी नळी टाक आणि उरलेल्या दोन बांधांना काडी लावू नकोस.