उपग्रहचित्रातला लाल डाग म्हणजे पाऊस नव्हे

पावसाळा लागला की एक मेसेज ग्रुपांवर फिरू लागतो. इन्सॅटचं रंगीत चित्र, त्यात कोकणाजवळ लाल डाग आणि खाली मजकूर: 'लाल म्हणजे सर्वांत उंच ढग. ढग जितका उंच तितका पाऊस जास्त. तुमच्या भागावर लाल नसेल तर निर्धास्त बाहेर पडा. जमिनीवरून ढग बघायचे दिवस गेले.' पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच पुढची तीन पटतात.

'लाल म्हणजे उंच.' उपग्रह उंची मोजतच नाही. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून तो ढगाच्या माथ्याचं अवरक्त प्रारण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णता, टिपतो, त्यावरून तापमान निघतं आणि रंग त्या तापमानाला दिलेला असतो. माथा उणे ७० अंश असेल तर उंची साधारण १५ किलोमीटर, हे सांगायलाही वर जाताना हवा कशी थंड होत गेली ते ठाऊक हवं. ते कळतं तापमान मोजणारं उपकरण बांधून जमिनीवरून सोडलेल्या फुग्यातून, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांतून. विरळ तंतुमेघ (उंचावरचा पातळ, धाग्यांसारखा ढग) असेल तर खालची ऊब त्यातून आरपार येते आणि ढग आहे त्यापेक्षा खाली भासतो.

'उंच तितका पाऊस जास्त.' सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पावसाळ्यात खालचे वारे नैर्ऋत्येचे, पण १४-१५ किलोमीटरवर जोरदार वारे पूर्वेकडून वाहतात. घाटावर उभ्या राहिलेल्या ढगाचा माथा ते समुद्राकडे ओढत नेतात. लाल पट्टा समुद्रावर पसरलेला दिसतो आणि त्याच्या बऱ्याच भागाखाली थेंबही पडत नसतो. उलट सह्याद्रीतला कितीतरी पाऊस बुटक्या ढगांतून येतो. मोसमी हंगामात शून्य अंशाची पातळी, म्हणजे हवा शून्य अंशावर येते ती उंची, साडेपाच किलोमीटरच्या आसपास असते. तिच्या खालीच माथा असलेल्या ढगात बर्फ बनत नाही, थेंबावर थेंब आदळून मोठे होतात आणि तासन् तास कोसळतात. असा माथा उबदार, म्हणून रंगीत चित्रात तो लाल होतच नाही.

म्हणूनच 'लाल नसेल तर निर्धास्त' हे वाक्य मला सरळ धोकादायक वाटतं. धबधब्याखाली उभ्या असलेल्या पोरांना ते कोणी वाचून दाखवू नये. शिवाय उपग्रह विषुववृत्तावरून तिरका बघतो. ८२ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाला मुंबईवरचा १५ किलोमीटर उंच माथा सहा-सात किलोमीटर वायव्येला सरकलेला दिसतो. पाऊस आत्ता कुठे आहे हे बघायचं तर रडार उघडा, त्याला प्रत्यक्ष थेंब दिसतात.

'जमिनीवरून बघायचे दिवस गेले.' माथा वरून दिसतो, तळ नाही. आणि वैमानिकाला उतरताना तळच लागतो. विमानतळावरचा सिलोमीटर, म्हणजे ढगाच्या तळाची उंची मोजणारं उपकरण, लेसरचा झोत वर सोडतो. तो १० मायक्रोसेकंदांत परतला तर तळ १,५०० मीटरवर. उपकरण नसेल तर तापमानातून दवबिंदू (हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊ लागते तो आकडा) वजा करून १२५ ने गुणा: २८ आणि २४ असतील तर तळ सुमारे ५०० मीटर. हा हिशोब जमिनीवरून उठणाऱ्या पुंजमेघांपुरता, म्हणजे कापसाच्या ढिगांसारख्या ढगांपुरता.

पुण्यात तर तेवढंही नको. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, शहर ५६० वर. गडावरचा टीव्हीचा मनोरा ढगात बुडाला आणि खालची कातळभिंत अजून दिसत असली, की तळ शहरापासून साधारण साडेसातशे मीटरवर आलाय.