‘पन्नाशीत निवृत्त व्हा, ८६ वर्षं जगा’: या मेसेजवर विसंबून घर विकू नका

एक लांबलचक मेसेज सध्या नागपुरातल्या कॉलनीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. हिंगण्याला एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं तो ‘दादा, हे पटतंय’ असं लिहून मला पाठवला, म्हणून हे सविस्तर उत्तर. मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: एका विमान कंपनीच्या अभ्यासातल्या तक्त्यानुसार पन्नाशीत निवृत्त होणारा ८६ वर्षं जगतो आणि ६५ ला होणारा दीड वर्षात जातो. म्हणून पन्नाशीतच नोकरी सोडा, पीएफची पेन्शन ५० पासून मिळतेच. शहरातलं घर विकून पैसे एफडीत टाका, गावाकडे एकरभर शेत घेऊन राहा, खर्च निम्मा होतो. ज्येष्ठांना एसटी, रेल्वे, दवाखाना सगळं सवलतीत आहे. घर विकायचं नसेल तर आत्ताच मुलांच्या नावावर करा, म्हणजे पुढे भांडणं नाहीत.

सुरुवात तक्त्यापासून करू, कारण घाबरवण्याचं काम तोच करतो. हा तक्ता जुना आहे. २००२ च्या सुमारास एका इंग्रजी लेखातून बोइंग कंपनीच्या निवृत्तांची आकडेवारी म्हणून तो पसरला आणि हे आकडे खरे नाहीत असं बोइंगनं स्वतः जाहीर केलं. तरी वीस वर्षांहून जास्त काळ तो फिरतोच आहे. त्यात ६५.२ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांचं मृत्यूचं सरासरी वय ६६.८ दिलंय. कागद-पेन्सिल घेऊन बघा. त्यांच्यातला एक माणूस जरी ८० पर्यंत जगला, तरी सरासरी ६६.८ वर आणायला दुसऱ्या आठ जणांनी निवृत्तीच्या दिवशीच मरायला हवं. असं कुठल्या कंपनीत झालंय? साठी गाठलेला भारतीय सरासरीनं आणखी सुमारे १८ वर्षं जगतो आणि त्यात साठीनंतरही काम करणारे शेतकरी, दुकानदार, वकील, डॉक्टर सगळे आले.

खरा अभ्यास हवा असेल तर आहे. टेक्सासमधल्या शेल ऑइलच्या कर्मचाऱ्यांचा, २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेला. त्यात ५५, ६० आणि ६५ ला निवृत्त झालेल्यांची तुलना केली. ५५ ला निवृत्त होऊन वयाच्या ६५ पर्यंत जगलेल्यांचा पुढचा मृत्युदर ६५ ला निवृत्त झालेल्यांपेक्षा ३७ टक्के जास्त निघाला. ६० ला आणि ६५ ला निवृत्त झालेल्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याचा अर्थ काम करत राहिलं की आयुष्य वाढतं असा काढू नका. लवकर निघणाऱ्यांत तब्येतीमुळे निघालेलेही असतात आणि मृत्युदर वाढण्यामागे तेही एक कारण आहे. पण लवकर नोकरी सोडली की आयुष्य वाढतं, हा मेसेजचा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही. ज्याची तब्येत खरंच नोकरीपायी खालावते आहे, त्यानं आपल्या डॉक्टरला विचारून ठरवावं. त्यासाठी तक्त्याची गरज नाही.

आता पेन्शन. पीएफची म्हणजे ईपीएस-९५ ची (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शन ५० पासून मिळू शकते, हे अर्धं खरं आहे. दहा वर्षांची सेवा हवी, आणि ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात. ही कपात कायमची असते. ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शन पुन्हा वाढत नाही. रक्कम किती, हे मेसेज सांगत नाही. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. सप्टेंबर २०१४ पासून पगाराची मर्यादा १५,००० आहे. २५ वर्षं सेवा धरली तर १५,००० × २५ ÷ ७० म्हणजे महिना ५,३५७ रुपये. त्यातही २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा लागते, त्यामुळे हाती याहून कमीच येतं. २० वर्षांवर सेवा झाल्यास दोन वर्षं वाढवून धरतात, त्यानं चारशेच्या आसपास रुपये वाढतील. ५० व्या वर्षी सुरू केली तर यातले तीस टक्क्यांच्या आसपास गेले, म्हणजे पावणेचार हजार उरले. (वाढीव पेन्शनचा पर्याय ज्यांचा मंजूर झाला आहे, त्यांचं गणित वेगळं.) पन्नाशीत नोकरी सुटलीच, तर ५८ च्या आत १०-डी हा अर्ज भरून पेन्शन सुरू करू नका. १०-सी अर्ज भरून स्कीम सर्टिफिकेट (झालेली सेवा पुढच्या पेन्शनसाठी जमा ठेवणारा दाखला) घ्या आणि थांबा. ५८ नंतर ६० पर्यंत थांबलात तर उलट दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते.

नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांपैकी जे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) आहेत, त्यांचं नुकसान आणखी मोठं. नियमित निवृत्तीला जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी (एकरकमी पैसे भरून ठरावीक पेन्शन देणारी विमा योजना) घ्यावी लागते. मुदतीआधी बाहेर पडलात तर ८० टक्के वार्षिकीत अडकतात आणि हाती जेमतेम पाचवा हिस्सा येतो. ज्या पैशांवर गावाकडचं घर बांधायचं, ते पैसेच मिळत नाहीत.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतही हाच घोळ आहे. ८.२ टक्के व्याज, ३० लाखांची मर्यादा, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये. चांगली योजना आहे, पण ती ६० पूर्ण झालेल्यांसाठी. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेल्याला ५५ नंतर प्रवेश मिळतो, तोही निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडलं तर. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना ५० ची सवलत आहे, नोकरी सोडणाऱ्या बाकी कुणालाही नाही. एफडीवरचा ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्काही बहुतेक बँकांत साठीनंतरच.

मेडिक्लेमबद्दल मेसेज गप्प आहे. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. पन्नाशीत अनेकांना बीपी किंवा शुगर असते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. उपाय एकच: राजीनाम्याच्या आधी, सामूहिक विमा चालू असतानाच, त्याच विमा कंपनीकडे व्यक्तिगत पॉलिसीत स्थलांतर करण्याचा अर्ज द्यायचा. नंतर गेलात तर मागची वर्षं धरली जात नाहीत.

घर विकून व्याजावर जगण्याचं गणित पहिल्या वर्षी जमतं, म्हणूनच ते फसवं आहे. कर वगैरे जाऊन ७५ लाख हाती आले, ७ टक्के व्याज धरलं, तर महिना ४३,७५० होतात. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, तेव्हा या व्याजावर कर लागणार नाही, हेही मान्य. पण महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट. आज महिना ३० हजारांत चालणारं घर ६२ व्या वर्षी ६० हजार मागेल, व्याज मात्र तेच ४३,७५० राहील. तिथून मुद्दल खायला सुरुवात होते आणि पाठीशी घर नसतं. नागपुरात स्वतःचं छप्पर सोडलेल्या माणसाला परत यायचं ठरलं तर त्याच वस्तीत तेवढ्या पैशांत घर मिळत नाही, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी पुन्हा भरावी लागते.

भांडवली नफ्याचा करही मेसेजमध्ये नाही. जुलै २०२४ नंतर विकलेल्या घरावर १२.५ टक्के, किंवा घर त्याआधी घेतलेलं असेल तर महागाईची सूट घेऊन २० टक्के, यांतला कमी असेल तो कर भरायचा. तो वाचवायचा तर दोन वर्षांत दुसरं घर घ्या, तीन वर्षांत बांधा, किंवा सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या करबचत रोख्यांत ५० लाखांपर्यंत टाका, जे पाच वर्षं मोडता येत नाहीत. सगळे पैसे सरळ एफडीत टाकले तर कर भरावाच लागतो. आणि एफडी कुठे, हेही महत्त्वाचं. बँकेत ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा मुळीच नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी घर विकलेले पैसे पतसंस्थेत ठेवू नका.

गावाकडे खर्च कमी होतो, हे खरं आहे. भाडं, भाजी, दूध, कामाला येणाऱ्या बाईचा पगार, सगळं कमी. दवाखाना मात्र महागात पडतो. डायलिसिस लागलं तर आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. उमरेड किंवा काटोलच्या पुढच्या गावातून नागपूरला आठवड्याला तीन फेऱ्या सत्तरीत करून बघाव्यात, मग कळतं. चिखलदऱ्याला थंडावा आहे, पण छातीत दुखलं तर घाट उतरून अमरावती गाठावी लागते. बाहेर जायचंच तर वर्धा हा समजूतदार पर्याय आहे: सेवाग्राम आणि सावंगी ही दोन मोठी रुग्णालयं, रेल्वे, आणि नागपूर ७५ किलोमीटरवर. मला विचाराल तर नागपुरातल्या बहुतेकांना गाव बदलायची गरजच नसते, मजला बदलायची असते. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानचं एम्स, यांपर्यंत ऑटोनं अर्ध्या तासात पोचता येईल अशा ठिकाणी. मेट्रो स्टेशन जवळ असेल तर उत्तमच.

एकरभर शेताचं तर बोलायलाच नको. विदर्भाच्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. घरात कुणाच्या नावानं सातबारा नसेल तर व्यवहार तिथेच अडतो. त्यातून वाट काढायला ‘फार्महाऊस प्लॉट’ विकतात: एकाच सातबाऱ्यावर पंधरा जणांचे हिस्से, वेगळा नकाशा नाही, अकृषक आदेश नाही. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. शहराबाहेरच्या महानगर क्षेत्रात परवानगी एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देते. अकृषक आदेश लागत असेल तर तो, मंजूर ले-आऊट आणि परवानगी हे सगळे कागद मूळ प्रतीत बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

जायचंच असेल तर आधी घर अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्यानं द्या, गावात भाड्यानं राहा आणि एक उन्हाळा व एक पावसाळा काढा. मे महिन्यात वीज किती वेळ जाते, बोअरला पाणी राहतं का, कूलर चालतो का, हे त्यातून कळतं. पटलं नाही तर परत यायला घर आहे.

सवलतींचं लवकर उरकतो. एसटीत ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आणि ७५ नंतर मोफत, हे खरं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि ती परत सुरू झालेली नाही. आयुष्मानचं ५ लाखांचं संरक्षण ७० पूर्ण झालेल्या सगळ्यांना आहे, महात्मा फुले योजनाही आता सगळ्या कुटुंबांसाठी आहे, पण दोन्ही ठरावीक उपचार आणि यादीतल्या रुग्णालयांपुरत्या. पन्नाशीतल्या माणसाला यातलं बहुतेक लागूच नाही.

सगळ्यात घातक ओळ शेवटची. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणून लोक करून टाकतात. नोंदणी झाली की मालक मुलगा. तो घर गहाण टाकू शकतो, विकू शकतो, त्याच्या कर्जापायी बँक जप्ती आणू शकते. एकदा दिलेलं बक्षीस मन बदललं म्हणून परत घेता येत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, हे बरोबर. मुलानं सांभाळ केला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यापुढचं न्यायाधिकरण हस्तांतरण रद्द करू शकतं. पण सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात अट सिद्ध झाली नाही म्हणून आईच्या विरोधात निकाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित खटल्यात आईला मालमत्ता परत मिळाली, कारण मुलानं सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा: सगळा फरक एका कागदाचा आहे. आणि हे कलम ज्येष्ठ नागरिकानं केलेल्या हस्तांतरणाबद्दल बोलतं. कायद्याच्या लेखी ज्येष्ठ म्हणजे ६० पूर्ण. मेसेज ऐकून ५२ व्या वर्षी घर दिलंत तर या संरक्षणाचा भरवसा धरता येत नाही.

भांडणं टाळायची तर मृत्युपत्र करा. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्यावी, दोन साक्षीदार लागतात, ते वारस नसावेत आणि शक्यतो वयानं लहान असावेत. नागपुरात प्रोबेटही (मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब) सक्तीचं नाही. हयातीत कितीही वेळा बदलता येतं. द्यायचंच असेल, तर दोघा नवरा-बायकोंचा हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच, ठळक शब्दांत घालून घ्या.

कुणी मेसेज वाचून स्वेच्छानिवृत्तीची नोटीस देऊन बसला असेल तर: राज्य सरकारी सेवेत २० वर्षांनंतर तीन महिन्यांची नोटीस असते, आणि निवृत्तीच्या तारखेआधी नियुक्ती अधिकाऱ्याच्या मंजुरीनं ती मागे घेता येते. अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक घ्या. खासगी कंपनीत राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र हाती पडायच्या आत मागे घेण्याचं पत्र द्या, ईमेलनंही पाठवा.