मुलांजेची वही आणि खानापूरचा कागद

दर १ नोव्हेंबरला बेळगावात मराठी माणसे काळा दिन पाळतात आणि त्याच दिवशी शहरात राज्योत्सवाच्या मिरवणुका निघतात. मी आफ्रिकेतल्या मलावी देशात मुलांजेच्या चहामळ्यांजवळच्या एका रुग्णालयात औषधे देण्याचे काम करते आणि दोन्हींची छायाचित्रे फोनवर पाहते. पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात, परिपत्रके मराठीत का मिळत नाहीत, कर्नाटकात राहायचे तर कन्नड का शिकू नये, हा वाद मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मराठी कागदपत्रांची मागणी मला पूर्ण मान्य आहे. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे आश्वासन १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या वेळचेच आहे. मात्र या मागणीत पहिला क्रमांक एचआयव्ही असलेल्या गर्भार बाईच्या हातातल्या कागदाचा असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

उपचार मिळाले नाहीत, तर गर्भारपण, बाळंतपण आणि अंगावरचे दूध या मार्गांनी बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. आईला रोजच्या गोळ्या आणि बाळाला काही आठवडे नेविरापीन या औषधाचे थेंब मिळाले, तर तो ५ टक्क्यांच्याही खाली येतो. यातले जवळजवळ सारे घरीच करायचे असते आणि ते बाईला नीट समजले आहे की नाही, यावरच सगळे अवलंबून असते.

मागच्या वेळी गावी, खानापूर तालुक्यात, गेले असताना एक तरुण सून मागच्या दाराने माझ्याकडे आली. तिचे माहेर चंदगडकडचे, म्हणजे महाराष्ट्रातले, शिक्षण सगळे मराठीत. नावनोंदणी सासरी झाली, तपासणीत एचआयव्ही निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या; मग रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली. बरोबर नेलेले कागद कन्नडमध्ये होते आणि तिथल्या नर्सताईंना ते वाचता येत नव्हते. नवरा गोव्याला कामाला, आणि सासरी कन्नड वाचणारा एकटा धाकटा दीर, ज्याला या आजाराचा पत्ताच नव्हता. कागद कुणाकडून वाचून घ्यायचा म्हणजे स्वतःच्या तोंडाने गावाला सांगण्यासारखेच होते, म्हणून चारपदरी घडी घातलेला तो कागद तिने कित्येक आठवडे तांदळाच्या डब्यात ठेवला होता.

मी शाळेत कन्नड शिकलेली असल्यामुळे तो वाचू शकले. बाळाला थेंब सहा आठवडे द्यायचे होते. मिळालेली बाटली चार आठवड्यांत संपली आणि पुढची आणायची आहे हे तिला कळलेच नव्हते. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेचे रक्त तपासायचे होते. बाळ दहा आठवड्यांचे झाले होते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते, आणि आजीने प्रेमाने बाळगुटी उगाळून चाटवली होती, मधाचे बोटही लावले होते. वरचे काही दिल्याने तान्ह्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते, हे त्या आजीला कुणी तिच्या भाषेत सांगितले असते, तर तिने सहाण बाजूला ठेवली असती, याविषयी मला शंका नाही. सुनेने स्वतःच्या गोळ्या एक दिवसही चुकवल्या नव्हत्या, हाच मोठा आधार होता.

मलावी हा भारतापेक्षा पुष्कळ गरीब देश आहे. रोगप्रतिकारशक्ती मोजणारी यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून २०११ मध्ये या देशाने यंत्रांची वाट न पाहता एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला कायमचे उपचार द्यायचे ठरवले. त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत अशा १,२५७ स्त्रियांचे उपचार सुरू झाले होते. २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत ती संख्या १०,६६३ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत २०१३ मध्ये उचलली आणि पाठोपाठ भारतानेही. मलावीत सारे सुरळीत झाले, असे मात्र मी म्हणणार नाही; सुरुवातीच्या काळात सुमारे १७ टक्के स्त्रिया सहा महिन्यांत उपचारांतून सुटून गेल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यावर या व्यवस्थेचा पायाच हलला. औषधे आणि पैसा यांत आपण कितीतरी सुस्थितीत आहोत.

तरीही मुलोझाच्या सीमेवरून मोझांबिकमधली बाई इकडे येते, तेव्हा तिचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये असले तरी नर्स तिच्याशी चिचेवा या इथल्या भाषेत बोलते, सगळे परत वदवून घेते आणि मगच तिच्या आरोग्यवहीत नोंद करते. ती वही बाईजवळच राहते. दोन देशांच्या सीमेवर जे रोज सहज घडते, ते दोन राज्यांच्या सीमेवर, चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगावचा दवाखाना जवळ पडतो तिथे, का घडू नये?

कन्नड शिका, असे सांगणाऱ्यांचा मी अनादर करत नाही. त्याच कन्नडचा मला त्या दिवशी उपयोग झाला. पण सातव्या महिन्यात कुणी लिपी शिकत नाही. जतची कन्नड बोलणारी मुलगी मराठी कागद घेऊन अथणीला माहेरी येते, तेव्हा तिचीही हीच अडचण होते, आणि तिच्यासाठीही मी हेच मागेन. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. जिला स्वतःचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तिच्यापुरता तो हक्क उरतच नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या केंद्रांत एकच कागद, एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला मराठी, आजाराचे नाव न छापता, ठेवायला सीमावादावरच्या न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

त्या दुपारी मी वहीचे पान फाडून तिला सगळे मराठीत लिहून दिले: गोळीची वेळ, बाळाचे दूध, तपासणीच्या तारखा. वर फक्त ‘बाळासाठी’ एवढेच लिहिले. दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन केंद्रात गेली आणि ती पहिली तपासणी निर्दोष निघाली. अठरा महिन्यांची शेवटची तपासणी या श्रावणात आहे.