परदेशी पार्सलच्या त्या सहा युक्त्या: एकेक करून

दिवाळी जवळ आली की एक मेसेज हटकून फिरायला लागतो. परदेशात फराळ किंवा छोटंमोठं सामान पाठवायचं असेल तर पोस्टातल्या फॉर्मची कटकट कशी टाळावी, याच्या त्यात सहा युक्त्या आहेत. पहिली, फॉर्मवर किंमत शून्य किंवा एक डॉलर लिहा. दुसरी, 'गिफ्ट'वर टिक केली की कुठल्याच देशात कर लागत नाही. तिसरी, आतल्या वस्तूंची नावं लिहू नका, नुसतं 'डॉक्युमेंट्स' किंवा 'फूड आयटम्स' लिहा, म्हणजे कोणी उघडून बघत नाही. चौथी, दोन किलोच्या आत वजन ठेवलं तर कस्टमचा फॉर्मच लागत नाही. पाचवी, अमेरिकेची पार्सलं पोस्टाने कायमची बंद केली आहेत. सहावी, म्हणून पोस्टात जाऊच नका, एजंटला द्या, तो सगळं बघून घेतो. शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' हे आहेच.

मी दुर्लक्ष केलं असतं. पण हा मेसेज माझ्या मावशीने मला पाठवला आणि खाली विचारलं, "यात म्हटलंय तसंच लिहू ना फॉर्मवर?" तिची लेक दुबईला असते. डब्यात करंज्या आहेत, अनारसे आहेत, चिवडा आहे. तिने ती तिसरी युक्ती खरोखर वापरली असती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सुरुवातही तिसरीपासूनच करते. बाकीच्या युक्त्यांनी फार तर पैसे आणि फराळ वाया जाईल, हिने माणूस अडचणीत येतो.

अनारसे कशावर थापतात? खसखशीवर. करंजीच्या सारणातही बहुतेक घरांत खसखस भाजून घालतात. ही खसखस अफूच्याच बोंडातली, आणि संयुक्त अरब अमिरातीत ती आणायला बंदी आहे. सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्येही तेच. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पुडीत मिळणारी वस्तू तिकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली बघितली जाते. आता त्या डब्यावर 'डॉक्युमेंट्स' लिहिलं आहे, क्ष-किरण यंत्रात गोल गोल पदार्थ दिसताहेत, डबा उघडला तर आत खसखस. पाठवणारी मावशी साताऱ्यात आहे. पार्सलवर नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर आहे तो तिच्या मुलीचा, आणि ती त्या देशात नोकरी करते, तिथल्या व्हिसावर राहते. फोन तिलाच येणार. 'आईला माहीत नव्हतं' हे कदाचित कोणी समजून घेईलही. पण आईने वस्तू लपवायला खोटं लिहिलं, असं फॉर्मवर दिसत असेल तर ते कोणाला आणि कसं समजवायचं?

फॉर्मवर खरी नावं लिहायची ठरवली असती तर काय झालं असतं? मावशी 'अनारसे' लिहायला बसली असती, कशाचे ते इंग्रजीत लिहिताना खसखशीचं नाव आलं असतं आणि तिथेच कोणीतरी म्हणालं असतं, अगं, हे दुबईला चालत नाही. फॉर्म भरण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि मेसेज नेमका तोच काढून टाकायला सांगतो. मी मावशीला सांगितलं, अनारसे राहू देत, सारणात खसखस घातली असशील तर त्या करंज्याही राहू देत, शंकरपाळे आणि चकल्या पाठव.

हेच दुसऱ्या देशांचंही. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पाठवता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया जैवसुरक्षेच्या बाबतीत फार कडक आहे. बर्फी, गुलाबजाम, रसमलाई अशी दुधाची मिठाई पाठवू नका, असं तिथलं सरकार दिवाळीच्या सुमारास नाव घेऊन सांगतं. पेढ्यांवर 'फूड आयटम्स' लिहिल्याने ते दुधाचे राहत नाहीत असं थोडंच आहे.

आणि 'फूड आयटम्स' लिहू नये हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. मोठ्या पार्सलला जो फॉर्म लागतो त्याचं नाव सीएन २३. त्याच्या सूचनांमध्येच छापलेलं आहे की प्रत्येक वस्तूचं नेमकं वर्णन द्या, आणि सुटे भाग, नमुने, खाद्यपदार्थ अशी मोघम वर्णनं चालणार नाहीत. मेसेज जे लिहायला सांगतो, तेच फॉर्मने नाव घेऊन नाकारलं आहे. छोट्या पाकिटावर चिकटवायचा सीएन २२ असतो. दोन्हींवर सहीच्या आधी एक वाक्य असतं: दिलेला तपशील बरोबर आहे आणि आत कुठलीही धोकादायक किंवा कायद्याने, टपाल वा सीमाशुल्क नियमांनी मनाई केलेली वस्तू नाही, असं मी प्रमाणित करते. मावशी सही करणार ती या वाक्याखाली. काउंटरवर आपण घाईत सही ठोकतो आणि ते वाक्य कोणी वाचत नाही, ही खरी अडचण आहे.

हे फॉर्म आपल्या पोस्टाने काढलेले नाहीत. युनिव्हर्सल पोस्टल युनियन ही १८७४ पासूनची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आहे आणि भारत १८७६ पासून तिचा सदस्य आहे. फॉर्मचा नमुना तिथे ठरतो. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी 'साहेब, एवढं काय, घरचंच सामान आहे' म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. सूट देणं त्याच्या हातात नाही. २०२१ च्या सुरुवातीपासून तर वस्तू असलेल्या टपालाची माहिती पार्सलच्या आधी संगणकावरून त्या देशात पोहोचावी लागते. आपण कागदावर लिहिलेलं तो कर्मचारी संगणकात भरतो ते यासाठी. मोघम लिहिलं की तिकडे पार्सल पोहोचायच्या आधीच प्रश्न उभा राहतो.

आता किंमत शून्य लिहिण्याबद्दल. फुकट पाठवतोय म्हणून वस्तूची किंमत शून्य होत नाही. कस्टमला हवी असते ती वस्तूची बाजारातली किंमत, तुम्ही किती पैसे घेतले ती नाही. तीन किलोच्या डब्यावर शून्य दिसलं की अधिकारी स्वतः किंमत ठरवतो, आणि ती तुमच्या सोयीची असेलच असं नाही. पार्सल हरवलं तर भरपाई कशाच्या आधारावर मागणार? तुम्हीच शून्य लिहून दिलंय. आणि आपल्याच देशात, सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ११४एए नुसार जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. फराळाच्या डब्यासाठी कोणी हे कलम लावत बसणार नाही, हे मलाही कळतं. पण 'काही होत नाही, बिनधास्त लिहा' असं हजारो लोकांना सांगताना निदान हे कलम माहीत असावं.

घरी केलेल्या पदार्थाची किंमत लिहायची कशी, हा प्रश्न मात्र रास्त आहे. नेहमीच्या दुकानात चकली, चिवडा, शंकरपाळे ज्या भावाने मिळतात तो भाव धरा, वजनाने गुणा, लिहा. साडी असेल तर पावती. जुनी वस्तू असेल तर जुनी म्हणून, आणि आज जेवढ्याला जाईल तेवढी.

'गिफ्ट'वर टिक करायच्या युक्तीत अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. नातेवाइकांनी नातेवाइकांना पाठवलेल्या भेटीला बऱ्याच देशांत सवलत असते. पण तिला मर्यादा असते आणि मेसेजात मर्यादेचा म सुद्धा नाही. ब्रिटनमध्ये ती ३९ पौंड आहे, युरोपीय संघात ४५ युरो, कॅनडात ६० कॅनेडियन डॉलर. त्यापुढे कर लागू शकतो आणि तो घेणाऱ्याला भरावा लागतो, वर हाताळणीचं शुल्क वेगळं. शिवाय भेट ही खाजगी माणसाने खाजगी माणसाला पाठवलेली असावी लागते. इन्स्टाग्रामवर कानातली विकणाऱ्या ताईंनी ग्राहकाच्या पाकिटावर 'गिफ्ट' लिहिलं तर ते सरळ खोटं आहे. विक्रीसाठी 'सेल ऑफ गुड्स' असा वेगळा चौकोन त्याच फॉर्मवर आहे, आणि निर्यातीच्या कागदपत्रांत मदत करायला पोस्टाने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. तिथे जावं.

खरोखर उपयोगी युक्ती हवी असेल तर ही घ्या. ब्रिटनला एकाच खोक्यात मुलगा, सून, नातू अशा तिघांच्या भेटी असतील तर प्रत्येकाची भेट वेगळी बांधा, वर नाव घाला आणि फॉर्मवरही वेगवेगळी लिहा. मग ३९ पौंडांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र धरतात. हे तिथल्या नियमांतच आहे, लपवाछपवी नाही.

दोन किलोच्या आत फॉर्म लागत नाही, हे धादांत खोटं. फॉर्म लागतो तो आत वस्तू आहे म्हणून. शंभर ग्रॅमची राखी-कानातली पाठवली तरी लागतो. वजनाने आणि किमतीने फक्त कुठला फॉर्म ते बदलतं. दोन किलोपर्यंतच्या साध्या पाकिटाला, आतल्या मालाची किंमत ३०० एसडीआरच्या आत असेल तर, सीएन २२. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय हिशेबाचं एकक आहे, ३०० म्हणजे ढोबळमानाने चारशे अमेरिकी डॉलर. त्यावर किंमत गेली किंवा मोठं पार्सल असलं की सीएन २३.

अमेरिकेबद्दलचा मुद्दा कुठून आला ते सांगता येतं. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तिकडे जी करमाफी होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. कर कोणी आणि कसा गोळा करायचा याचा घोळ मिटेना, म्हणून आपल्या पोस्टाने २५ ऑगस्टपासून बहुतेक बुकिंग थांबवलं आणि काही दिवसांत उरलेलंही थांबवलं. तेव्हा 'सध्या बंद आहे' असं लिहिलं असतं तर चाललं असतं. पण १५ ऑक्टोबर २०२५ ला बुकिंग पुन्हा सुरू झालं, फरक इतकाच की कर इथेच, बुकिंग करताना भरायचा. 'कायमची बंद' हे तेव्हाही खोटं होतं. तिकडचे दर त्यानंतरही हलत राहिलेत, त्यामुळे अमेरिकेला पाठवायचं असेल तर खोकं बांधण्याआधी काउंटरवर त्या दिवसाचा नियम विचारा, मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

राहिला एजंट. चांगला एजंट असतो, घरून उचलतो, हवा काढून पिशव्या बांधतो, लवकर पोहोचवतो. ज्याला परवडतं त्याने जरूर द्यावं. पण 'तो सगळं बघून घेतो' म्हणजे काय बघतो? आमच्या ओळखीच्या एका घरी आलेल्या एजंटने फराळाच्या खोक्यावर ग्राहकासमोर 'डॉक्युमेंट्स' लिहिलं आणि वर सांगितलं, काळजी करू नका. पाठवणारा म्हणून नाव त्या घरच्या आजोबांचं होतं. एजंटकडून काय जाहीर केलं आहे त्याची प्रत मागा, वाचा, आणि चुकीचं असेल तर सही करू नका.

पोस्टात वेळ जातो ही तक्रार खरी आहे. रांग असते, सर्व्हर बंद पडतो, फॉर्मवरचे रकाने बारीक असतात. पण त्यातला बराच वेळ आपण तिथे उभं राहून 'चिवड्याला इंग्रजीत काय म्हणतात' विचारण्यात घालवतो. ते घरी करा. एका कागदावर यादी: पदार्थ, इंग्रजीत तो कशाचा आहे, नग, वजन, किंमत. 'चकली, फ्राइड राइस फ्लोअर स्नॅक, ५०० ग्रॅम.' 'शंकरपाळे, स्वीट फ्राइड व्हीट बिस्किट्स, ५०० ग्रॅम.' 'कॉटन साडी, १ नग.' 'काजूकतली' असं नुसतं लिहू नका, तिकडच्या अधिकाऱ्याला ते नाव ओळखीचं नसतं. घेणाऱ्याचा पिनकोड आणि मोबाइल नंबर हवाच. अमिरातीत टपाल पूर्वापार पीओ बॉक्सवर जातं, म्हणून तिकडे पाठवताना बॉक्स नंबर विचारून घ्या, इमारतीचं नाव पुरत नाही. आकाशकंदिलाच्या माळेतले सुटे लिथियम सेल आधीच काढून ठेवा, ते टपालाने जात नाहीत.

वजनही घरीच करा, खोकं आणि चिकटपट्टी धरून. परदेशी स्पीड पोस्टचा दर २५० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतो. २ किलो १० ग्रॅम झालं की पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे. मूठभर चिवडा काढला की वाचतात. दर पोस्टाच्या संकेतस्थळावर देश आणि वजन घालून बघता येतो, म्हणजे काउंटरवर आकडा ऐकून धक्का बसत नाही. आणि खोकं पूर्ण चिकटवून नेऊ नका, बुकिंगच्या वेळी आत बघायला मागू शकतात. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेशी डाकघरात कस्टमचे लोकही पार्सल उघडू शकतात, तेव्हा आतली बांधणी अशी ठेवा की यादीप्रमाणे एकेक पिशवी ओळखता येईल.

मावशीचा फॉर्म आम्ही फोनवर भरला. चार ओळी झाल्या: चकली, शंकरपाळे, चिवडा, एक सुती कुर्ता. खसखस घातलेल्या करंज्या आणि अनारसे ती शेजारी वाटणार आहे. तो मेसेज तिने ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता, तिथे तिसरी युक्ती वापरू नका एवढं तरी लिही, असं मी तिला सांगितलंय. तुमच्याकडेही तो आला असेल आणि कोणाचं पार्सल दुबई, रियाध किंवा सिंगापूरला निघालं असेल, तर आजच विचारा की डब्यात खसखस आहे का.