झिरो माईलचा दगड आणि राउटरचा नकाशा

भाऊ, राउटर (नेटवर्कमध्ये माहितीची पाकिटं, म्हणजे पॅकेट, कुठे पाठवायची ते ठरवणारं यंत्र) मार्ग कसे काढतात यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी लिंक-स्टेटचं, म्हणजे प्रत्येक राउटरने नेटवर्कचा नकाशा बाळगून मार्ग काढायच्या पद्धतीचं, उगाच कौतुक केलं. नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा किती मैल ते कोरलंय आणि प्रवाशाला तेवढं पुरतं, मग राउटरने अख्खा नकाशा कशाला बाळगायचा? शिवाय खरा खेळ नकाशावरून सर्वात कमी खर्चाचा मार्ग काढणाऱ्या डायक्स्ट्राच्या गणिताचा, बाकी सगळा तपशील.

दगडाचा दाखला मला मनापासून आवडला. पण तो दगड अंतर सांगतो, ते कुठल्या रस्त्याने मोजलं ते सांगत नाही. रिप या जुन्या पद्धतीचं असंच आहे: राउटर शेजाऱ्याला फक्त किती टप्पे ते सांगतो. सदर, इतवारी, हिंगणा ही तीन ऑफिसं एका रांगेत जोडलेली धरा. इतवारी-हिंगणा केबल तुटली. तेवढ्यात सदरचा राउटर इतवारीला सांगतो, "हिंगणा? माझ्याकडून दोन टप्पे." हे दोन टप्पे इतवारीतूनच जात होते, हे इतवारीला कळणार कसं? तो तीन धरतो, ते ऐकून सदर चार, मग पाच. 16 म्हणजे 'पोचत नाही', तिथवर दोघं पॅकेट एकमेकांकडे टोलवत राहतात. स्प्लिट होरायझनने, म्हणजे ज्याच्याकडून मार्ग कळला त्यालाच तो परत न सांगण्याने, दोघांमधला हा घोळ मिटतो, पण राउटर वर्तुळात जोडलेले असले की तो पुन्हा डोकं वर काढतो.

लिंक-स्टेटमध्ये राउटर फक्त स्वतःपुरतं बोलतो: माझे शेजारी कोण, तिथवर खर्च किती. हे निवेदन, म्हणजे एलएसए, वाटेत कोणीही मजकूर न बदलता सगळ्यांकडे पोचवतात. मग ही निवेदनं जोडून ज्याने त्याने आपला नकाशा करायचा आणि डायक्स्ट्राच्या गणिताने मार्गांचा हिशोब करायचा.

आता गणिताचं. डायक्स्ट्राचा 1959 चा लेख जेमतेम तीन पानांचा. ओएसपीएफ या लिंक-स्टेट पद्धतीचे नियम सांगणारा 1998 चा दस्तऐवज, आरएफसी 2328, दोनशेहून जास्त पानांचा, आणि त्यातला मोठा भाग एकाच चिंतेने भरलाय: सगळ्यांच्या हातातला नकाशा तंतोतंत सारखा कसा राहील. प्रत्येक एलएसएला क्रमांक, वय, आणि मजकूर बिघडला का ते ओळखायला चेकसम. पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं. दर 30 मिनिटांनी ताजं करायचं, 60 मिनिटं झाली की फेकून द्यायचं.

ही काळजी अनुभवातून आली आहे. 27 ऑक्टोबर 1980 ला इंटरनेटचं पूर्वज असलेलं अर्पानेट कित्येक तास बंद पडलं. मेमरीतले बिट गळाल्यामुळे एकाच नोडच्या (तिथल्या राउटरच्या) निवेदनाच्या तीन प्रती फिरू लागल्या: क्रमांक 44, 40 आणि 8. क्रमांक 63 नंतर पुन्हा शून्यावर यायचे. त्यामुळे 44 हा 40 पेक्षा नवा, 40 हा 8 पेक्षा नवा आणि 8 पुन्हा 44 पेक्षा नवा ठरला. प्रत्येक नोड 'नवी' प्रत घेऊन पुढे पाठवत राहिला. डायक्स्ट्राचं गणित त्या दिवशीही बिनचूक होतं. ओएसपीएफचे क्रमांक 32 बिटांचे आहेत आणि सरळ रेषेत वाढतात, ते यामुळेच.

माझंच सांगतो. एका ग्राहकाकडे नवी लिंक जोडली. ओएसपीएफचे हॅलो (शेजाऱ्याला ओळख देणारे छोटे संदेश) येत-जात होते, पिंग चालत होतं, तरी शेजारी एक्सस्टार्टवर, म्हणजे नकाशाची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यावर, अडकलेला. दोन तास पासवर्ड आणि एरिया (ओएसपीएफमध्ये नेटवर्कचे पाडलेले भाग) तपासत बसलो. शेवटी दिसलं की एका बाजूला एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) 1500, दुसऱ्या बाजूला 1400. हॅलो छोटे, ते सहज जातात. नकाशाची यादी द्यायची वेळ आली, त्यात 1500 चा आकडा दिसला की 1400 वाला ती नाकारायचा. नकाशा जुळेना, म्हणून एकही मार्ग मिळेना. तुम्ही ज्याला तपशील म्हणता तो हा.

एका बाबतीत मात्र तुम्ही बरोबर आहात, भाऊ. 'प्रत्येक राउटरकडे पूर्ण नकाशा' हे मी सैल लिहिलं. नकाशा आपापल्या एरियापुरता असतो. दुसऱ्या एरियातलं सीमेवरचा राउटर सांगतो, तेही फक्त ठिकाण आणि अंतर. तिथे ओएसपीएफ तुमच्या दगडासारखंच वागतं, आणि म्हणूनच सगळ्या एरिया शून्य क्रमांकाच्या एरियाला जोडाव्या लागतात, नाहीतर एरियांमध्येच गोल फिरणं सुरू होईल. लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त करतोय.