तापीचं पाणी अन् युगांडाचा डास

आठवडा झाला, आमच्या भुसावळच्या तीन-तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला. "आपण तापीचं पाणी पिऊन वाढलेली माणसं, आफ्रिकेत सेवेला जाताना लस-गोळ्या कशाला, ते नियम गोऱ्यांसाठी. मलेरियाची आपल्याला सवयच आहे. पाणी उकळून प्या, झालं. अन् परोपकाराने तब्येत उलट सुधारते." मी युगांडात एका खेड्यातल्या शाळेत सात महिने फुकट विज्ञान शिकवून आलोय, त्यामुळे गप्प बसवत नाही भो.

पहिले लस, म्हणजे यलो फीवरची. हा ताप भारतात नाहीच, मग त्याची सवय तापीच्या पाण्यातून कशी होईल? पण तो पसरवणारा एडिस डास, तोच आपला डेंग्यूवाला, आपल्या कूलरमध्ये आधीच मुक्कामाला आहे, फक्त व्हायरस यायचा बाकी. म्हणून या लसीच्या सर्टिफिकेटशिवाय तिकडून परत आलात तर आपलंच सरकार ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतं, यात गोऱ्यांचा काय संबंध! अन् सर्टिफिकेट लस टोचल्यावर १० दिवसांनी लागू होतं, नंतर जन्मभर चालतं, त्यामुळे तिकिटाच्या आदल्या दिवशी पळापळ करून काही होत नाही.

आता मलेरियाची सवय. थोडीफार प्रतिकारशक्ती येते, पण ती वारंवार मलेरिया होऊन, अन् त्या भागातून लांब राहिलं की ओसरते. युरोपात स्थायिक झालेले आफ्रिकन लोक "आपलंच गाव" म्हणून गोळ्या न घेता सुट्टीला जातात अन् मलेरिया घेऊन परततात, मग लहानपणी एकदा हुडहुडी भरलेल्या आपली काय गोष्ट. तिकडे बहुतेक सगळा फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, तो मेंदूपर्यंत जातो. नंदुरबारच्या एका भाऊने सिकलसेलचं काढलं, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराने मलेरियापासून बचाव होतो असं, ते अर्धं खरं आहे: नुसता वाहक असेल तर गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला मलेरिया जास्तच महागात पडतो.

मी रोज डॉक्सीसायक्लिन, म्हणजे मलेरिया टाळायची गोळी, घ्यायचो. त्या गोळीने ऊन बाधतं हे माहीत होतं, पण आम्ही ४५ डिग्रीतले, म्हटलं आपल्याला काय होतंय. दुसऱ्या आठवड्यात नाकाची अन् कानाच्या पाळ्यांची सालटं निघाली, वर्गातली पोरं हसायची.

उकळलेलं पाणी ठीक, जुलाब वाचतात. पण तिथल्या व्हिक्टोरिया सरोवरात बिल्हार्झिया हा जंतांचा आजार आहे, गोगलगायीतून निघालेली त्याची अळी कातडीतूनच आत शिरते, पाणी प्यायचीही गरज नाही. मी बंधाऱ्यात डुंबत वाढलेला, त्यामुळे पाणी दिसलं की शर्ट काढलाच, मग त्याचं औषध, प्राझिक्वांटेल, घ्यावं लागलं.

परोपकाराचं म्हणाल तर सेवा करणाऱ्यांची तब्येत बरी असते असं अभ्यासात दिसतं, पण मुळात धडधाकट माणूसच सेवेला निघतो ना. मी मात्र नऊ किलो उतरून आलो.

अन् आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताप. इथल्या एका डॉक्टरने व्हायरल म्हणून सलाईन लावलं, कुठून आलास हे विचारलंच नाही अन् मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बायकोनेच युगांडाचं नाव काढलं तेव्हा रक्त तपासलं, फॅल्सिपेरम निघाला. परत आल्यावरही ४ आठवडे घ्यायच्या गोळ्यांची पट्टी बॅगेत तशीच पडली होती, घरी आल्यावर म्हटलं आता कशाला.